आधी कलम वाच

प्रिय बाळ,

कर्नाटकातल्या खानापूरहून आलेलं तुझं पत्र वाचलं. लॉला जायचंय, पण मराठी माध्यम, इंग्रजीची धास्ती, कन्नड जेमतेम, आणि सीनियर म्हणतात की परीक्षेआधी पंधरा दिवस गाइड वाचलं की सुटतं. सुटेल. पण वकिली त्याने येत नाही. मूळ कलम वाच. गाइड, नोट्स, व्हिडिओ सगळं त्यानंतर.

सुरुवातीलाच करार कायदा, 1872 येईल. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा नसलेला मूळ कायदा घे, कलम 10 काढ. पहिलं वाक्य एकच, पण अटी मोज: मुक्त संमती, सक्षम पक्षकार, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश, आणि तो करार कायद्याने निरर्थक ठरवलेला नसावा. एकेक अट वहीत वेगळ्या ओळीवर लिही. सक्षम कोण ते कलम 11 सांगतं, मुक्त संमती कलम 14, मोबदला आणि उद्देश कलम 23. ही कलमं शेजारी मांडलीस की सतरा वर्षांच्या मुलाने सही केलेल्या कराराचं काय होतं, हे तुझं तुलाच कळेल. अल्पवयीनाच्या कराराबद्दलचा 1903 चा मोहोरी बीबीचा निकाल मग वाच. ‘अँड’ आहे की ‘ऑर’, ‘शॅल’ की ‘मे’, खाली प्रोव्हायझो, म्हणजे ‘मात्र’ म्हणून जोडलेली अट आहे का, हे पाहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. एवढ्या इंग्रजीला कसली भीती? ठरावीक शब्दच फिरून फिरून येतात. हकिगत देऊन विचारलेल्या प्रॉब्लेमच्या प्रश्नात मार्क जातात ते इंग्रजीमुळे नव्हे. निकालाचं नाव लिहिलेलं असतं, पण दिलेल्या हकिगतीत कुठली अट पुरी झाली नाही, हेच राहून जातं.

फौजदारीत काम दुप्पट आहे. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं 420 आता 318(4) आहे. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते. दोन्ही वाचावे लागतील. कुरकुर नको.

कन्नड मात्र आजपासून रोज अर्धा तास. खालच्या कोर्टातल्या जबान्या, जमिनीची पहाणी (आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा), सगळं कन्नडमध्ये. आणि मराठी कमीपणाची समजू नकोस. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत निघतात, काही तर मोडी लिपीत. वाटणीच्या दाव्यात असा कागद स्वतः वाचता येणं फार मोलाचं.

हजेरी प्रत्येक विषयात 70 टक्के लागते, त्यामुळे पूर्णवेळ नोकरीचा विचार सोड. वकिली करायला बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा लागते: 100 प्रश्न, खुल्या वर्गाला 45 टक्के. तिथे नोट्स नसलेला बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतो. तरी मुलं नापास होतात, कारण पुस्तक समोर असून कलम कुठे आहे ते ठाऊक नसतं! मी याच एका गोष्टीवर अडून बसतो म्हणून पोरं कंटाळतात. कंटाळू देत. आशील पुढ्यात बसून विचारतो तेव्हा गाइड उघडता येत नाही.

प्रवेश होईपर्यंत थांबू नकोस. करार कायद्याची कलम 10 ते 23 वहीत उतरवून काढ आणि अडलेल्या शब्दांची यादी मला पाठव.