गाडी घ्यायची, पण कोणाकडून?

व्यावसायिक गाडीच्या खरेदीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : एकाच कंपनीचे दोन डीलर आहेत. एक चांगली सूट देतो, दुसरा किमतीवरून हलत नाही. कोणाकडे जावे?

उत्तर : शोरूम बघून ठरवू नका, वर्कशॉप बघून ठरवा. कामाच्या दिवशी भर वेळेला दोन्हीकडे जा आणि आवारातल्या गाड्या पाहा. गर्दी असणे वाईट नाही. पण केबिन उचलून ठेवलेली आणि आत धूळ साचलेली गाडी दिसली, तर बहुधा ती पार्टसाठी खोळंबलेली असते. तिथे बसलेल्या दोन-तीन ड्रायव्हरांना विचारा, गाडी कधी लावली आणि कशासाठी अडली? सेल्समन जे सांगत नाही ते ही मंडळी न विचारताही सांगतात.

मग पार्टच्या काउंटरवर तुमच्या मॉडेलची यादी द्या : डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, वॉटर पंप, हब सील, ब्रेक लायनिंग, पुढची काच. फिल्टर सगळ्यांकडे असतो. खरी परीक्षा वॉटर पंप आणि काचेची. ‘मागवून देतो’ म्हणाले तर किती दिवसांत, तेही विचारा. आजच्या डिझेल इंजिनात धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला की कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, इंजिनाची ताकद मुद्दाम उतरवते आणि भरलेली गाडी चढावर रांगू लागते. अशा वेळी कंपनीचे डायग्नोस्टिक यंत्र आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही लागतात. तो माणूस रजेवर असेल तेव्हा काम कोण करतो, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. रस्त्यातल्या मदतीसाठी जो नंबर देतात, तो खरेदीआधीच एकदा रात्री फिरवून बघा.

आता सुटीचा हिशेब. सुटीच्या रकमेला तुमच्या गाडीच्या एका दिवसाच्या निव्वळ कमाईने भागा. उत्तर पाच आले, तर वर्कशॉपच्या ढिलाईने पाच दिवस गाडी उभी राहिली की सूट संपली.

आणखी एक खूण : चांगला डीलर आधी तुम्हाला प्रश्न विचारतो. माल काय, वजन किती, घाट आहे का, परतीला गाडी रिकामी येते का? काही न विचारता थेट मॉडेल पुढे करणाऱ्याला त्याच्या यार्डात उभी असलेली गाडी खपवायची असते. लोडचा आकडा तर स्वतःच मांडा. समजा, गाडीचे एकूण मान्य वजन 12,000 किलो आणि केबिनसह चेसिस, म्हणजे बॉडी बसवण्याआधीचा चाकांवरचा सांगाडा, 3,900 किलो आहे. सेल्समन वजाबाकी करून ‘आठ टन बसतो’ म्हणेल. पण बॉडीचे 1,400, टाकीतल्या 160 लिटर डिझेलचे सुमारे 135, दोन माणसे आणि अवजारे मिळून 250 किलो काढा; उरतात 6,315. बॉडी कोण बांधणार आणि तिची जबाबदारी कोणाची, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. बॉडीवाल्याने चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडले किंवा वेल्डिंग केले, तर तिथूनच तडा जातो. मग कंपनी वॉरंटी नाकारते आणि डीलर बॉडीवाल्याकडे बोट दाखवतो.

प्रश्न : ‘अगदी नवी गाडी’ म्हणून दाखवली, पण टायरवरची तारीख बरीच जुनी आहे. फसवणूक आहे का?

उत्तर : टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 3823 म्हणजे 2023 सालचा 38वा आठवडा. टायर गाडीपेक्षा काही महिने जुना असणे नेहमीचेच. बघायची ती चेसिसच्या पट्टीवरची किंवा कागदपत्रांतली गाडीच्या बनावटीची तारीख. वर्षभर यार्डात उभी राहिलेली गाडी घेऊच नये असे नाही, पण ती नव्याच्या भावात घेऊ नये. पुढे विकताना बनावटीचे साल आडवे येते.

उभ्या गाडीत आधी बॅटरी मरते. चार्ज उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती पूर्ण भरत नाही. गाडी काही तास बंद ठेवून मीटर लावा : 12 व्होल्टच्या बॅटरीला 12.6 च्या आसपास हवे, 12.4 च्या खाली असेल तर बदलून मागा. 24 व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, कारण एक कमजोर असली की दुसरीलाही ओढते. त्याखेरीज एकाच जागी दबून राहिलेले टायर, ब्रेक ड्रमवरचा गंज, डिझेल टाकीतले पाणी, हेही बघा. ताब्याआधीच्या तपासणीचा सही केलेला तक्ता मागा आणि वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होईल हे लेखी घ्या. ताबा घेतल्यावर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळून घ्या.

प्रश्न : जुनी गाडी विकणाऱ्या डीलरवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : तो तपासू देतो तितकाच. तुमच्या मिस्त्रीला गाडीखाली जाऊ देत नसेल, तर बोलणे तिथेच थांबवा.

न सांगता सकाळी जा आणि इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तुमच्या येण्याआधीच स्टार्ट करून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबेना आणि ऑइल दुधाळ दिसले, तर कूलंट आत शिरते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण जपून सैल करा; भसाभसा वाफ आली तर पिस्टन रिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी.

चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे कधीच नसतात. कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि नोंदणीच्या कागदाशी अक्षर-अक्षर जुळवा. आसपास ग्राइंडरच्या खुणा किंवा तेवढ्याच जागेवर ताजा रंग असेल तर सोडून द्या. किलोमीटरचा आकडा अनेक गाड्यांत एकाहून जास्त कंट्रोल युनिटांत साठवलेला असतो; डायग्नोस्टिक यंत्राने वाचून ते आकडे मीटरशी ताडून बघता येतात. आकडा कमी आणि क्लच पेडलचे रबर गुळगुळीत, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला हातात आल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न : डीलरच कर्ज करून देतो आणि दर 10 टक्के सांगतो. घ्यावे का?

उत्तर : फ्लॅट दर की घटत्या शिल्लकेवरचा, एवढेच आधी विचारा. फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज लागते, घटत्या शिल्लकेत फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर. पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांसाठी 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकेवर 17 टक्क्यांहून थोडे जास्त. हप्ता गुणिले महिने करून एकूण परतफेड काढा, त्यात प्रोसेसिंग फी आणि सक्तीचा म्हणून लावलेला विमा मिळवा आणि तो आकडा दुसऱ्या बँकेच्या आकड्याशेजारी ठेवा. बुकिंगची रक्कम रोख देऊ नका. पावती डीलरशिपच्या नावाची हवी, सेल्समनच्या नाही. गाडी ठरल्या तारखेला मिळाली नाही तर ती रक्कम किती दिवसांत परत, हेही त्या पावतीवरच लिहून घ्या.