वर्गात दाखवायच्या घरगुती व्हिडिओला आवाज कसा जोडावा, कोणत्या फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करावा? नुसतं बोलणं कोरडं वाटतं, मग मागे हलकं संगीत टाकावं का?

संगीत टाकू नका. ‘नुसतं बोलणं कोरडं वाटतं’ असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

एक्स्पोर्टचं आधी उरकते. एमपी फोर फाइल, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी (ही चित्र आणि आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतींची नावं), ४८ किलोहर्ट्झ. ७२०पी पुरतं; वर्गातल्या बऱ्याच प्रोजेक्टरांना त्याहून बारीक दाखवताच येत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवला जाणारा डेटा, अडीच एमबीपीएस (मेगाबिट) ठेवलात तर पाच मिनिटांची फाइल १०० एमबीच्या आसपास बसते. एच.२६५ घेऊ नका. फाइल लहान होते खरी, पण जुन्या संगणकावर बऱ्याचदा चित्रच दिसत नाही, नुसता आवाज येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते फाइल दाबून चित्र अस्पष्ट करतं.

आता संगीताचं. चंद्राच्या कला समजवायला मी एक व्हिडिओ केला होता. अंधाऱ्या खोलीत एक दिवा, एक पांढरा चेंडू, आणि माझं निवेदन. आवाज स्वच्छ होता, मी तो नीट तपासला होता. तो इतर शिक्षकांसमोर दाखवायचं ठरलं, तेव्हा आमच्या एका सहकारी सरांनी ‘जरा उठाव येईल’ म्हणून खाली बासरीचा ट्रॅक टाकला आणि नव्याने एक्स्पोर्ट केला. हेडफोनवर दोन्ही ठीक ऐकू येत होतं. हॉलमध्ये लावल्यावर बासरी आली आणि माझा आवाज गायब. विहिरीच्या तळातून कुणी पुटपुटावं तेवढाच उरला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार हळू बोललात.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे कितीतरी दिवस मला सल्ले मिळत होते, मोठ्याने बोला म्हणून.

मी हळू बोलले नव्हते. तोच लॅपटॉप, तीच फाइल, हेडफोन लावला की शब्द न् शब्द कळतो आणि हॉलच्या स्पीकरवर कळत नाही, तर दोष आवाजात कसा असेल? मग मी संगीत नसलेली माझी मूळ फाइल त्याच स्पीकरवर लावली. पूर्ण शांतता. तिथे सगळं उलगडलं.

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. हॉलमधल्या स्पीकरला जे बॅलन्स्ड इनपुट असतं, ते मुळात एकाच आवाजासाठी असतं. ते दोन तारांमधला फरक घेतं. वाटेत तारेने पकडलेली खरखर दोन्हींत सारखी असते, ती वजा व्हावी म्हणून. साधी स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा दोन्ही आवाज नेणारी, तार सरळ तिथे खुपसली की डाव्यातून उजवा वजा होतो. निवेदन दोन्ही बाजूंना अगदी सारखं असतं, म्हणून ते जवळजवळ पुसलं जातं. संगीत दोन्हीकडे थोडं वेगळं असतं, म्हणून ते उरतं. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो, म्हणजे एकेकच आवाज नेणाऱ्या, पिना अशी तार आणून त्यातली एकच पिन लावली, तेव्हा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला. हेडफोनची पिन अर्धवट बसली तरी असंच होतं, त्यामुळे कधी बोलणं नाहीसं झालं तर आधी पिन दाबून बघा.

माझं म्हणणं तेव्हापासून तेच आहे. संगीत नसतं तर हॉलमध्ये काहीच ऐकू आलं नसतं, आणि कुणीही पहिल्यांदा तार तपासली असती. बासरी वाजत होती म्हणून सगळ्यांना वाटलं की यंत्रणा ठीक आहे, बोलणारीच कमी पडली. सरांना मी हे तारेसकट दाखवलं. ते म्हणाले, “तार बदलली ना, मग आता संगीत राहू दे, मुलं लक्ष देतात.”

देत नाहीत. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मेयर या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा अभ्यास आहे. आकाशातली वीज कशी तयार होते आणि हायड्रॉलिक ब्रेक कसे चालतात, अशी दोन छोटी अ‍ॅनिमेशन त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवली. काहींना फक्त निवेदनासह, काहींना मागे संगीत घालून. संगीतवाल्यांना कमी आठवलं, आणि शिकलेलं वापरून नवे प्रश्न सोडवण्यातही ते मागे पडले. ऐकण्याची वाट एकच आहे, तिच्यावरून बासरीही जाणार आणि माझं वाक्यही जाणार. त्यात वर्गात पंखा चालू असतो, बाहेर गलका असतो, स्पीकर लहान असतो. क, त, स, श ही व्यंजनं आधीच विरतात. त्यावर आपण हौसेने आणखी एक थर का चढवायचा?

कोरडं वाटण्यावर इलाज बोलण्यातच आहे. कागदावरून वाचू नका, समोर एक मूल बसलंय असं समजून बोला. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरा बाजूला धरा, नाहीतर फ, भ, थ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसतो. पडदे, गाद्या, कपडे असलेली खोली निवडा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. सुरुवातीला काही सेकंद गप्प राहा. ती शांतता ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये नमुना म्हणून निवडली की मागची घरघर कमी करता येते. ते थोडंच करा, जास्त केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. सर्वात मोठा शब्दही आवाजाच्या मीटरवर उणे तीन ते उणे सहा डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. आवाज वेगळ्या फोनवर घेत असाल तर सुरुवातीला एक टाळी वाजवा, टाइमलाइनवर ती जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. लांब व्हिडिओत तरीही आवाज हळूहळू पुढेमागे सरकत गेला तर बहुतेक वेळा फोनने फ्रेम रेट (दर सेकंदाला किती चित्रं) स्थिर ठेवलेला नसतो. आधी तो स्थिर करून घ्या, मग जुळवा.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. त्या अभ्यासातले विद्यार्थी कॉलेजचे होते, शाळकरी मुलं नव्हती. आणि जिथे कुणी बोलतच नाही, म्हणजे बी रुजताना भराभर पुढे पळवलेलं चित्र किंवा शेवटची नावं, तिथे संगीताला माझी हरकत नाही. पण बोलणं सुरू होण्याआधी ते पूर्ण थांबलं पाहिजे. नुसतं हळू केलेलं मी चालवून घेत नाही. सर अजूनही हळू करूनच टाकतात.

संगीताचा वेळ वाचेल तो सबटायटलना द्या. कमी ऐकू येणारं एखादं मूल वर्गात असलं तर त्याच्यासाठी ती अक्षरं म्हणजेच धडा. सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नका, वर्गातल्या संगणकावर ती फाइल कुणी जोडत बसत नाही. एक्स्पोर्ट करतानाच चित्रावर छापून टाका, आणि अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता येतील एवढी मोठी ठेवा.