पॉवर विडर सुरू होईना? दोरी नंतर, पेट्रोल आधी

मृगात फोन येतात ते पेरणीचे. पेरणी उरकून पंधरा-वीस दिवस झाले, पहिल्या कोळपणीची वेळ आली, की पॉवर विडरचे, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या कोळपणी यंत्राचे, सुरू होतात. या आठवड्यातले चार प्रश्न घेतो. पहिल्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मी गावं त्यातच अडकलेली दिसतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास काम संपलं आणि विडर शेडात लावला. आता दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली, इंजिन फुरफुरतही नाही.

दादा, टाकीत तेव्हाचंच पेट्रोल होतं ना? मग आधी दोरी सोडा. पंपावर आता मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं, २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, तर तळातूनच ओढतो. शिवाय पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की उडून जातं आणि कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, डिंकासारखा चिकटा उरतो. त्यातल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला कितीसा चिकटा लागतो?

यंत्र बाहेर उघड्यावर घ्या. इंजिन गार हवं आणि जवळपास बिडी-काडी नको. कॉक बंद करून टाकी कॅनमध्ये रिकामी करा. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तिथलंही सांडू द्या, पण भांड्यात. विहिरीच्या काठावर किंवा गोठ्यात ओतू नका. आता ताजं पेट्रोल, लिटरभर पुरे. एवढ्यानंही इंजिन दाद देत नसेल तर जेट मिस्त्रीकडून साफ करून घ्या. स्वतः तार खुपसू नका. भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल पितं आणि काळा धूर सोडतं.

मग एअर फिल्टर. एका शेडात मी स्वतः झाकण काढलं तर आत कापूस आणि पोत्याची सुतळी गोळा करून उंदरानं घर केलेलं! मालकानं तोवर दोन प्लग बदलले होते. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, चार थेंब ऑइल चोळून पिळा आणि बसवा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, झटकायचा.

ऑइल पाहताना यंत्र सपाट जागेवर हवं. बऱ्याच इंजिनांत पट्टी पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून पाहायची असते. पुस्तिकेत बघून घ्या. काही इंजिनांना ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारी सोय असते. प्लग चांगला, पेट्रोल ताजं, तरी ठिणगी नाही, अशा वेळी आधी ऑइलची पट्टी काढून बघा. नवं यंत्र असेल तर पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलतात. अनुदानात आलेल्या यंत्रांचं हे पहिलं ऑइल बहुतेक जण विसरतात.

आमच्या गटाकडे अवजारे बँकेतला, म्हणजे भाड्यानं अवजारं मिळतात तिथला, विडर आहे. दोरी ओढताना झटका बसतो, म्हणून बायका हात लावत नाहीत.

ताई, झटका बसतो तो बहुतेक वेळा दोरी अर्धवट ओढल्यामुळे. आधी गिअर न्यूट्रल आहे आणि क्लच सुटलेला आहे, पाती फिरणार नाहीत, याची खात्री करा. कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक (हवा कमी करणारी पट्टी) लावा, रेस एक तृतीयांश ठेवा. दोरी हळू ओढत न्या; एका जागी ती जड लागेल. तिथे थांबा, दोरी हळूच मागे जाऊ द्या आणि मग एका दमात ओढा. सुरू झाल्यावर मूठ हातातून सोडून देऊ नका, धरून परत न्या. इंजिन नीट धरू लागलं की चोक हळूहळू काढा. पदर खोचलेला, ओढणी बांधलेली हवी, आणि पायात चप्पल नको, बूट हवेत.

आणखी एक. शेडाचं दार लावून इंजिन चालू ठेवायचं नाही, पाऊस असला तरी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे घेताना म्हणजे रिव्हर्समध्ये रेस कमी ठेवा आणि पाठीमागे बांध किंवा झाड नाही ना ते आधी बघा. पात्यांत पाय जाण्याचे अपघात तिथेच होतात. पात्यात अडकलेलं गवत काढायचं तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढल्याशिवाय हात घालू नका.

चालू होतो, पाच-दहा मिनिटांनी बंद पडतो. थोडं थांबलं की पुन्हा चालतो.

टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. त्यात चाललं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. ते साफ करा आणि झाकण पुन्हा घट्ट लावा. गरम इंजिनला चोक लावून सारखी दोरी ओढली तर प्लग पेट्रोलनं भिजतो. मग चोक उघडा ठेवा, कॉक बंद करा, प्लग काढून पुसा, पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि प्लग बसवून पुन्हा प्रयत्न करा. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावरच, आणि पाण्याच्या बाटलीत आणलेलं तर मुळीच नको.

डिझेल टिलरचं हँडल उलटं फिरलं, मनगटाला मार लागला. चूक कुठे झाली?

हँडल अंगठ्यानं वेढून धरलं असणार. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे हँडल उलटलं तर हात सुटतो. डीकॉम्प्रेशन लिव्हर (इंजिनातला दाब सोडणारा दांडा) उचलून इंजिनला भरपूर वेग द्या, मगच लिव्हर सोडा. वेग कमी असताना सोडला की ते मागे लाथ मारतं. वेग देऊनही उलटतच असेल तर इंजेक्शनचा टायमिंग, म्हणजे डिझेल आत फवारलं जाण्याची वेळ, तपासून घ्या. डिझेल एकदा पूर्ण संपलं असेल तर पाइपात हवा भरते. तेव्हा फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. हॉपरचं, म्हणजे वरच्या टाकीतल्या पाण्यानं गार होणारं, इंजिन असेल तर पाणी भरल्याशिवाय हँडल हातात घेऊ नका.

पहिल्या प्रश्नातल्या दादांना यंदासाठी एवढंच: शेवटची कोळपणी झाली की टाकी रिकामी करा, आणि उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग शेडात लावा, एअर फिल्टरच्या तोंडाला फडकं बांधून. आणि पुढच्या वर्षी दोरीला हात लावण्याआधी ते फडकं काढायला विसरू नका.