इक्वालुइटच्या पुढे जाताना

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या पांगनिर्टुंग गावाला पहिल्यांदाच निघालायत, म्हणून आधी एकच सांगतो: परतीच्या प्रवासात ओटावाहून मुंबईचं विमान त्याच दिवशी धरू नका. मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा. नुनावुतच्या 25 वस्त्यांपैकी एकही दुसरीशी रस्त्याने जोडलेली नाही. विमान हीच तिथली एसटी. नुनावुतची राजधानी इक्वालुइटपर्यंत जेट जातं, पुढे एटीआर 42 सारखं छोटं विमान. पांगनिर्टुंगची धावपट्टी खडीची, आजूबाजूला डोंगर, वारा जोरात. वैमानिक नाही म्हणाला, तर नाहीच. काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालू नका, खरंच. उन्हाळ्यातही धुकं विमान अडवतं.

विमानात जागा आणि वजन मोजकं. त्यातूनच दवाखान्याला निघालेले रुग्ण जातात, गावाचा भाजीपाला जातो. त्यामुळे तुमची मोठी बॅग नंतरच्या फेरीने आली तर ते समजून घ्या. औषधं, चार्जर, एक जोडी गरम कपडे हातातल्या बॅगेतच हवेत. जाड जॅकेट आणि बूट अंगावरच घाला, विमानापर्यंत उघड्यावरून चालत जावं लागतं. इक्वालुइटमध्ये अडकलात तर हॉटेलं महाग आणि पटकन भरतात, तेव्हा एखाद्या ओळखीच्याचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवा.