एक कोपरा सजवा, अख्खं घर नको

डिसेंबर लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो, नाताळ छान दिसायला हवा आणि पैसे मात्र दिवाळीत संपलेत. यावेळी निवडलेले प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे वसईचे, लग्नानंतर घणसोलीला भाड्याच्या वन बीएचकेमधे राहतो. यंदा पहिल्यांदाच सासरची सगळी मंडळी २५ ला आमच्याकडे जेवायला येतायत. बजेट दोन हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. घरमालकांनी खिळा ठोकायचा नाही म्हणून बजावलंय. पण मला घर क्लासी दिसायला हवंय, स्वस्तात उरकलंय असं कुणाला वाटायला नको. (एक वाचक, घणसोली)

अगं, दोन हजारात मस्त होतं, फक्त ते पैसे घरभर शिंपडायचे नाहीत. झिरमिळ्यांची एक माळ टीव्हीवर, एक दारावर, दोन घंटा पंख्याला, असं केलं की पैसे जातात आणि घर मात्र वाढदिवस होऊन गेल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा दारातून आत आल्यावर पहिली नजर जिथे पडते तो एकच कोपरा धर, तिथे गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, वर खिडकीत स्टार, आणि बाकी घर नुसतं आवरलेलं. हे मी अगदी मनापासून सांगतेय, आवरलेल्या घरात एक सुंदर गोष्ट असली की लोक तिच्याकडेच बघतात.

स्टार विकत आणू नकोस, घरी कर. बांबूच्या दोन-दोन फुटी सारख्या दहा कामट्या घे, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांध, आपण पेन न उचलता चांदणी काढतो ना, अगदी तशाच. मग दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची, आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे चार-पाच इंची पाच तुकडे मधे अडकवायचे, की चांदणी फुगून उभी राहते. वरून पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटव, संक्रांत जवळ आलेली असल्यामुळे तो आता सगळीकडे मिळतो. रंग एकच ठेव, माझं ऐकशील तर पांढरा, कारण आत वॉर्म व्हाइट एलईडी लावला की पांढरा कागद रात्री लोण्यासारखा पिवळसर दिसतो, त्याला दुसरं काही लागतच नाही. पाच वॅटचा बल्ब पुरे, आणि जुना तापणारा पिवळा बल्ब कागदात अजिबात घालायचा नाही. खिळा नको म्हणतेस तर खिडकीच्या ग्रिललाच आतल्या बाजूने बांध.

गोठ्याचं सांगायचं तर, सेंट फ्रान्सिसने १२२३ मधे इटलीतल्या ग्रेच्चोला जो पहिला गोठा उभा केला असं मानतात त्यात गव्हाण, सुकं गवत, एक बैल आणि एक गाढव, बस एवढंच होतं. त्यामुळे चकचकीत रेडिमेड गोठा नसला तर काही कमी पडत नाही, उलट साधा गोठाच जास्त खरा वाटतो. बुटांचा खोका आडवा ठेव, वरून गोणपाट चिकटव, मागे ब्राऊन पेपर चुरगाळून डोंगर कर. खाली पसरायला पेंढा विकत आणू नकोस, फळवाल्याला सांग, पेट्यांमधला काढून ठेवेल. पैसे घालायचे तर मूर्तींत घाल, छोट्या असल्या तरी चालतील पण चेहरे नीट रंगवलेले बघून घे, त्या वर्षानुवर्षं राहतात.

हिरवळीसाठी नवरात्रात घटाला पेरतात तसंच करायचं. गहू रात्रभर भिजवून १४-१५ डिसेंबरला वाट्यांमधे माती किंवा कोकोपीटवर दाट पेरायचे, दोन दिवस झाकून ठेवायचे, मग उजेडात आणायचे, रोज नुसतं पाणी शिंपडायचं. २४ ला बोटभर उंच, लसलशीत हिरवं शेत तयार. तुझ्या सासूबाईंना हे नक्की ओळखीचं वाटेल, गोठ्यासाठी धान्य पेरायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. बाळ येशू २४ च्या रात्री ठेवायचा हे तुला सांगायला नको, पण बाळाला भेटायला येणारे तिन्ही राजे लगेच गोठ्यात नेऊ नकोस, लांब बुकशेल्फवर उभे कर आणि ६ जानेवारीपर्यंत रोज थोडे थोडे पुढे सरकव, घरात मुलं येणार असतील तर ती हेच काम मागून घेतील.

लाइटची माळ दिवाळीचीच वापर. तिच्यात रंग बदलायची सोय असेल तर एका रंगावर स्थिर ठेव, लुकलुक बंद. बिलाची काळजी नको, दहा वॅटची माळ रोज सहा तास, वीस दिवस लावली तरी सगळी मिळून सव्वा युनिटही होत नाही.

प्रश्न : आम्ही ख्रिश्चन नाही, पण मुलगी पहिलीत आहे आणि तिला ट्री हवाच आहे. सासूबाईंना ही नसती थेरं वाटतात. पाच फुटी प्लास्टिकचं झाड घेऊ का? नंतर ठेवायला जागा नाही. (एक आई, कासारवडवली, ठाणे)

जागा नाही ना, मग घेऊच नका. घोडबंदर रोडवरच्या नर्सरीत अरोकेरिया बघा, ख्रिसमस ट्री म्हणूनच विकतात, मूळचं पॅसिफिकमधल्या बेटांवरचं झाड आहे. फूट-दीड फुटाचं छोटं कुंडीतलं घ्या, नाताळ झाला की बाल्कनीत जाईल आणि वर्षभर जगेल, फक्त दुपारचं कडक ऊन आणि कुंडीत साचलेलं पाणी त्याला चालत नाही. झाड आहे म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध बराच मावळेल असं मला वाटतं. कुंडीला गोणपाट गुंडाळा, फांद्या नाजूक असतात म्हणून हलक्याच वस्तू लावा.

आणि त्या वस्तू मुलीकडूनच करून घ्या. नागपूरच्या संत्र्यांचा सीझन आहे, पातळ गोल चकत्या कापून पुसून ओव्हनमधे १०० डिग्रीवर तीनेक तास, अधूनमधून उलटत, कडक झाल्या की दोऱ्यात ओवायच्या. उजेडासमोर धरल्या की रंगीत काचेसारख्या दिसतात. जोडीला मसाल्यातलं चक्रफूल, ते तर आयतीच चांदणी आहे, जांभळी नाक्याला सुटं मिळेल. घरभर वास येतो तो वेगळाच. तिला एकदा तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधेही घेऊन जा, म्हणजे हा सण नुसता झाडाचा आणि गिफ्टचा नाही हे तिला कळेल. सासूबाईंनाही बरोबर न्या.

प्रश्न : झाडावर बर्फ दाखवायला कापूस बरा की थर्माकोल? (ऐरोली)

दोन्ही नको. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मधेच बंदी आली, आणि कापूस लाइटच्या माळेजवळ किंवा मेणबत्तीजवळ ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. पांढरंच हवं असेल तर कुंडीभोवती जमिनीवर पांढरी रांगोळी घाला, नुसत्या ठिपक्यांची, फार देखणी दिसते.

प्रश्न : गेल्या नाताळला आणलेलं पॉइनसेटिया जगलंय, छान वाढलंय पण पूर्ण हिरवं आहे, लाल होतच नाही. खत कमी पडतंय का? (नेरुळ)

खताचा काही संबंध नाही हो. लाल दिसतात ती फुलं नसून पानं असतात आणि ती लाल व्हायला या झाडाला लांबलचक काळोखी रात्र लागते, साधारण चौदा तास पूर्ण अंधार, तोही रोज, सात-आठ आठवडे. तुमच्या बाल्कनीत रस्त्याच्या दिव्याचा उजेड येत असणार, तेवढ्याने सगळं बिघडतं. या नाताळला आता ते लाल होणार नाही, तेव्हा ते मागे हिरवळ म्हणून ठेवा आणि एखादं छोटं लाल रोप आणून पुढे मांडा. पुढच्या वर्षी मात्र १ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहाला त्याच्यावर मोठा खोका उपडा घालायचा आणि सकाळी आठला काढायचा, एक दिवसही चुकवायचा नाही. छाटणी करताना पांढरा चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते, आणि घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.