'अपयशी नकार' की 'गावाक नाय'?

वेंगुर्ल्याहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: "प्रोलॉग ही संगणकाची भाषा शिकताना 'निगेशन ॲज फेल्युअर' अशी संज्ञा येते. आम्हाला मिळालेल्या मराठी टिपणांत तिला 'अपयशी नकार' म्हटलंय. वाचताना खटकतं, पण का ते सांगता येत नाही. दुसरा शब्द आहे का? आणि 'नकार'च्या जागी 'निषेध' का नको?"

खटकतं ते विग्रहात. अपयशी उमेदवार म्हणजे जो स्वतः पडला तो. त्याच चालीवर अपयशी नकार म्हणजे नकार द्यायला गेलो आणि तोच फसला, म्हणजे जवळजवळ होकारच! इथे नकाराचं काहीच बिघडलेलं नाही, तो तर व्यवस्थित हाती आलाय. फसलाय तो शोध, आणि शोध फसला म्हणून नकार. हे 'म्हणून' त्या समासात गळून पडलंय.

शोध कसला? प्रोलॉग 1972 च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयला घडली, आलँ कोलमेरोएर आणि फिलिप रूसेल यांच्या हातून. तिच्यामागचा विचार बराचसा रॉबर्ट कोवाल्स्कींचा: 'ब आणि क असतील तर अ' हे विधान 'अ सिद्ध करायचंय? मग आधी ब सिद्ध कर, मग क' असं वाचायचं. त्यामुळे यंत्राला प्रश्न विचारणं म्हणजे सिद्धता शोधायला धाडणं. खरं-खोटं त्याच्या गावीही नसतं; सिद्धता मिळाली की नाही, एवढंच ते जाणतं.

आता मासळीबाजारात चला. समजा यंत्राला तीन गोष्टी सांगून ठेवल्या: आला(बांगडा), आला(तारली), आला(इसवण). विचारलं, आला(सुरमई)? उत्तर: नाही. मुंबईहून आलेला पाहुणा हे ऐकून हळहळेल, आणि समोर पाटीत सुरमई पडलेली असेल, कारण आपल्याकडे तिलाच इसवण म्हणतात. माझ्याच एका पाहुण्याची अशी गंमत झाली होती. मासेवाल्या मावशीने हसून सांगितलं, "सुरमय नाय, इसवण हा." मावशीला दोन्ही नावं ठाऊक होती. यंत्राला 'सुरमई म्हणजेच इसवण' हा नियम कुणी दिलेलाच नव्हता. तो दिला की तोच प्रश्न, आणि आता उत्तर 'हो'. माहिती वाढली आणि आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागला. नेहमीच्या गणिती तर्कात असं होत नाही. तिथे नवं गृहीतक आलं म्हणून जुनी सिद्धता मोडीत निघत नाही.

म्हणूनच या नकाराला सरळ 'खोटं' म्हणता येत नाही. 'सिद्ध होत नाही' आणि 'खोटं आहे' यांतलं अंतर 1931 मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेलने गणितात दाखवून दिलं होतंच. प्रोलॉगच्या चिन्हातही ते अंतर जपलंय. या नकारासाठी उलटी तिरकी रेघ आणि पुढे अधिकचं चिन्ह लिहितात. तर्कशास्त्रात 'सिद्ध होतं' यासाठी आडव्या पाडलेल्या 'टी'सारखी खूण असते. तिच्यावर काट मारली की जे दिसेल, त्याची ही टंकातली नक्कल.

मालवणीत हा भेद रोज बोलला जातो. 'नाय' वेगळं आणि 'माका गावाक नाय', म्हणजे 'मला सापडलं नाही', वेगळं. दुसऱ्यात शोधणारा माणूस वाक्यात हजर असतो. आपल्याला हवा असलेला शब्द असा हवा.

रापणीचं बघा. होडीने जाळं अर्धगोलात सोडून किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढली आणि बांगडा आला नाही, तर 'बांगडा नाही' असं म्हणता येतं, पण फक्त त्या घेरापुरतं. जाळं फाटकं नसावं, त्याची भोकं बांगडा निसटण्याइतकी मोठी नसावीत, या अटी आल्याच. शिवाय ओढणं संपलं पाहिजे. कीथ क्लार्कने 1978 मध्ये या नकाराची तार्किक मांडणी केली, तेव्हा शोध सान्त, म्हणजे कुठेतरी संपणारा, असण्याची अट घातली ती यासाठीच. नियम गोल फिरणारे असतील तर यंत्र ओढतच राहतं, आणि मग 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. घेराबाहेर समुद्रच नाही असं धरून चालण्याला रेमंड रायटरने त्याच वर्षी 'बंदिस्त जग' अशा अर्थाचं नाव दिलं.

आणि आता शब्द. भारतीय दर्शनांतल्या मीमांसा परंपरेत कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी 'अनुपलब्धी' (न आढळणं) हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलंय: जमिनीवर घडा आढळत नाही, यावरून घडा नाही हे ज्ञान. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नव्हतं. पण मीमांसकांची अट पाहा: अनुपलब्धी 'योग्य' हवी, म्हणजे घडा असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी, अंधारात चाचपून 'नाही' म्हणणं चालणार नाही. ही रापणीच्या भोकांचीच अट. दोन्ही गोष्टी तंतोतंत एक आहेत असं मी म्हणणार नाही, कारण तिथे प्रश्न ज्ञानाचा आहे आणि इथे सिद्धतेचा. पण शब्द उसना घ्यायला एवढं साम्य पुष्कळ झालं.

तेव्हा लिहिताना मी 'अनुपलब्धिजन्य नकार' लिहीन (सुटी 'अनुपलब्धी' दीर्घ, समासात ऱ्हस्व). 'असिद्धिजन्य'ही चालेल, फक्त न्यायशास्त्रात 'असिद्ध' हा हेत्वाभासाचा (सदोष कारणाचा) प्रकार आहे, तिथे घोटाळा होईल. 'अपयशजन्य' व्याकरणात बसतं, पण अपयश म्हटलं की कुणाची तरी चूक झाल्यासारखं वाटतं, आणि इथे यंत्राने आपलं काम चोख केलेलं असतं. वर्गात बोलताना 'गवसलं नाही म्हणून नाही' एवढं पुरे.

'नकार'च्या जागी 'निषेध' का नको, हेही तुम्ही विचारलंयत. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत तो शब्द मीही वाचलाय, चुकीचा नाही. पण आज निषेध म्हटलं की काळ्या फिती आणि तहसील कार्यालयासमोरचा मोर्चा डोळ्यांपुढे येतो, आणि प्रोलॉगची त्या सुरमईबद्दल काहीच तक्रार नसते.