जर्मनीतून कायमचं सांगलीला परतताना मुलांच्या मित्रांसाठी निरोपाची पार्टी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टुटगार्टजवळ राहता, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. सांगलीतली शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार म्हणून विमान जूनच्या पहिल्या आठवड्यात. दोघांच्या मित्रमैत्रिणींना एकदा बोलवायचंय, पण कधी, किती जणांना आणि खायला काय, हे ठरत नाही.

ताई, आधी एक करा. मोठ्यांचं जेवण आणि पोरांची पार्टी वेगवेगळ्या दिवशी ठेवा. एकाच दिवशी उरकायचं म्हटलं की बैठकीच्या खोलीत आपली मराठी मंडळी, रात्री दहापर्यंत गप्पा, आणि ज्यांच्यासाठी घाट घातला ती पोरं आतल्या खोलीत मोबाईल बघत बसलेली.

तारखेत बरेच जण फसतात. तिकडचं शाळेचं वर्ष जुलैच्या अखेरीपर्यंत चालतं, म्हणून वाटतं की मे-जूनमध्ये सगळे गावातच असणार. पण ईस्टरच्या रविवारनंतर ३९ व्या दिवशी, गुरुवारी, हिमेलफार्टची (येशूच्या स्वर्गारोहणाची) सुट्टी येते आणि पुष्कळ लोक शुक्रवारची रजा टाकून बाहेर पडतात. ५० व्या दिवशी फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाचा सोमवार, आणि तुमच्या राज्यात त्याला जोडून साधारण दोन आठवडे शाळा बंद. म्हणजे तुमच्या विमानाच्या आसपास मुलीचे मित्र बहुतेक गावात नसतील. पार्टी या दोन्ही सुट्ट्यांच्या आधी, विमानाच्या किमान तीन आठवडे अगोदर घ्या. तोवर घरात खोकीही पडलेली नसतात. वार शनिवार. रविवारी शांतता पाळायची असते, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. त्यांना आठवडाभर आधी चिठ्ठी टाकून कळवलंत तर उत्तम.

तिथे वाढदिवसाला जितकं वय तितकी मुलं बोलवायची रीत आहे, तीच धरा. मुलीची ८ आणि मुलाची ५ एकत्र आणू नका. तुमची दोन धरून १५ पोरं फ्लॅटमध्ये सांभाळायला चार मोठी माणसं लागतात, आणि पाच वर्षांचं पोर आठ वर्षांच्यांच्या खेळात पहिल्या डावात बाद होऊन रडायला लागतं. मुलीची पार्टी घरी, दुपारी ३ ते ५.३०. बारक्याची किटाजवळच्या (बालवाडीजवळच्या) खेळाच्या मैदानावर, मधल्या वारी ४ ते ५.३०, आईवडील थांबणार या बोलीवर. तिथे कलिंगडाच्या फोडी, ब्रेट्झेल (तिकडचा पिळाचा खारा पाव) आणि पाणी एवढं पुरे.

आमंत्रण तीन आठवडे आधी द्या. त्यात संपायची वेळ ठळक लिहा, कारण ८ वर्षांच्या मुलांना पालक दारात सोडून जातात आणि ठरल्या मिनिटाला न्यायला येतात. अॅलर्जी, शाकाहार आणि फोटोची परवानगी तिथेच विचारून घ्या. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो न विचारता ग्रुपवर टाकलेला तिकडे अजिबात खपत नाही. ‘भेटवस्तू नको’ हेही लिहा, नाहीतर ऐन बांधाबांधीत आठ मोठे खोके येऊन पडतील. सगळ्या वर्गाला बोलावणार नसाल तर आमंत्रणं वर्गात वाटू नका, पालकांना पाठवा. वर्गासाठी वेगळा काही खाऊ द्यायचा असेल तर आधी बाईंना विचारा. काही ठिकाणी फक्त दुकानातला बंद पाकिटातला खाऊ चालतो.

भेटीऐवजी प्रत्येकाकडून एक पान मागा: चित्र, नाव, आवडता खेळ. तिथे मैत्रीची वही पोरांच्या हातोहात फिरवतात, ती या वेळी नको. एकेक पोर वही आठवडाभर घरी ठेवतं, आठ जणांत दोन महिने जातात आणि शेवटी वही कुणाच्या तरी दप्तरात राहते. सुटी ए-फाईव्ह पानं द्या आणि पार्टीत एका फाईलला लावा.

खाण्यात सांगलीचं काहीतरी हवं, हे साहजिक आहे. पण भडंगात शेंगदाणे असतात आणि शेंगदाण्याची अॅलर्जी चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. चुरमुरे, हळद, मीठ, पिठीसाखर आणि कुरकुरीत तळलेला थोडा लसूण एवढ्यावर भागवा, तिखट वगळा. २०० ग्रॅम चुरमुऱ्यांत दहा पोरं खाऊन उरतं.

खरी बाजी मारतं ते श्रीखंड. तिकडचा ४० टक्केवाला क्वार्क (दह्यासारखं घट्ट, मऊ चीज) म्हणजे जवळजवळ तयार चक्काच. १ किलो क्वार्क फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, ३०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर केशर, वेलची अगदी नावाला. बदाम-पिस्ते नकोत. कमी स्निग्धांशाचा क्वार्क घेतला तर साखर घातल्यावर पातळ होतो आणि आंबट लागतो. लहान पुऱ्यांना अर्धा किलो कणीक, ३५-४० होतात. कणीक भारतीय दुकानातलीच घ्या. तिकडच्या दुकानातलं ४०५ नंबरचं गव्हाचं पीठ म्हणजे आपला मैदा, त्याच्या पुऱ्या गार झाल्या की चिवट होतात. तळण पोरं यायच्या तासभर आधी उरका आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. पॅसेजमधला धुराचा अलार्म पुरीच्या धुरानेही वाजतो. सोबत काकडी, गाजर, पॉपकॉर्न. जेलीच्या गोळ्या घेतल्यात तर पाकीट वाचा, बहुतेकांत डुकराचं जिलेटिन असतं.

अडीच तास असे भरतात. पहिली वीस मिनिटं पोरं येत असताना उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर नावं आणि चित्रं काढू द्या. अभ्रा आधी धुतलेला हवा, कोऱ्या कापडाची खळ रंग धरू देत नाही. आत पुठ्ठा घाला, नाहीतर शाई मागच्या बाजूला उमटते. कापडावरचेच पेन आणा आणि सुकल्यावर उलट्या बाजूने वाफ न सोडता इस्त्री फिरवा. टी-शर्ट वर्षभरात तोकडा होतो, अभ्रा होत नाही. मग आजी-आजोबांकडून मागवलेले दहा फोटो दाखवा: आयर्विन पूल, गणपती मंदिर, उसाचं शेत, नवी शाळा, मुलीची खोली. पाच मिनिटं, जास्त नको. त्यानंतर त्यांचा टॉप्फश्लागेन, म्हणजे डोळे बांधून लाकडी चमच्याने पातेलं शोधायचं, आणि आपली लगोरी. घरात सात लाकडी ठोकळे आणि मोज्यांचा चेंडू. हा खेळ पोरांना पाच मिनिटांत कळतो आणि मग ती थांबत नाहीत. ४.३० ला खाणं.

एकत्र फोटो पाच वाजता काढा, शेवटी नको. पालक यायला लागले की एकेक पोर निसटतं, आणि फोटोसाठी उभं केल्यावर पहिलं रडलं की सगळी रडतात. शेवटची वीस मिनिटं लगोरीचा दुसरा डाव चालू ठेवा, ज्याचे आईबाबा येतील तो खेळातून उठून जाईल. मुलीला रडू आलं तर येऊ द्या, फक्त सगळ्यांसमोर रांगेत उभं करून मिठ्या मारायला लावू नका. आणि सामानात बसत नाहीत म्हणून तिची खेळणी पार्टीत वाटू नका. काय द्यायचं ते तिनं आधी स्वतः निवडावं, ते नंतर घरपोच करा.

जाताना प्रत्येकाच्या हातात सांगलीचा पत्ता छापून चिकटवलेली, तिकीट लावलेली दोन पोस्टकार्डं द्या. परदेशी कार्डाचं तिकीट २०२५ पासून १.२५ युरो, म्हणजे आठ जणांचे २० युरो. पत्ता रोमन लिपीत, पिनकोडसह, शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत.

पहिल्या व्हिडिओ कॉलचा दिवस पार्टीच्या आधीच दोन-तीन घरांशी ठरवा. पोचल्यावरचा दुसरा शनिवार बरा, पहिल्यात झोपेचं गणित बसलेलं नसतं. तिकडे सकाळचे ११ म्हणजे सांगलीत उन्हाळ्यात २.३०. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग ३.३०. बारक्याला कॉलवर बोलायला काही सुचणार नाही. त्याला एखादं खेळणं दाखवायला द्या आणि दहा मिनिटांत आवरतं घ्या.